सरावाला रचनेचे रूप: फ्रीडरिश बुर्गम्युलर (१८०६–१८७४)

फ्रीडरिश बुर्गम्युलर यांचा जन्म ४ डिसेंबर १८०६ रोजी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे झाला. त्यांचे वडील पुढे ड्युसेलडोर्फचे नगर संगीतसंचालक झाले, तर धाकटा भाऊ नॉर्बर्ट हा अधिक गंभीर प्रतिभेचा संगीतकार मानला गेला, परंतु १८३६ मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी तो वारला. कासेल येथे लुई श्पोर यांच्याकडे शिक्षण घेतल्यावर बुर्गम्युलर १८३२ च्या सुमारास पॅरिसला गेले आणि तेथेच स्थिरावले. त्यांनी १८४३ मध्ये ‘ला पेरी’ हा बॅले संगीतबद्ध केला; त्याआधी १८४१ च्या ‘जिझेल’मध्ये समाविष्ट झालेले ग्रामीण युगुलनृत्य त्यांच्याच संगीतावर बसवलेले होते.

मात्र त्यांचे नाव टिकले ते १८५० नंतर लवकरच प्रसिद्ध झालेल्या ‘ओपस १००’मुळे, म्हणजे प्रकाशनक्रमातील शंभराव्या कृतीमुळे. तीत लहान हातांच्या आवाक्याचा विचार करून बोटांच्या खुणांसह दिलेले २५ ‘एत्यूद’, म्हणजे एकेका तांत्रिक अडचणीवर हात बसवण्यासाठीच्या सरावरचना आहेत. कार्ल चेर्नी यांच्या अनेक संग्रहांत असे धडे केवळ क्रमांकांनी ओळखले जातात. बुर्गम्युलर यांनी प्रत्येकाला नाव, भाव आणि आकार दिला. त्यांपैकी दुसरा धडा, ‘अरबेस्क’, ए मायनर या स्वरश्रेणीत आहे: तिच्या आधारस्वराला षड्ज मानले, तर उजव्या हातातील आरंभीची द्रुत स्वरावली सा, रे, कोमल ग, रे, सा अशी होते. वाघोलीतील एखाद्या पेटी शिकलेल्या मुलाने की-बोर्डवर तो धडा घेतला, तर ही स्वरावली त्याला पलट्यासारखीच भासेल. पण तिच्याखाली डाव्या हाताचे तुटक स्वरमेळ सांभाळावे लागताच तिचा घोटीवपणा संपतो, आणि मधल्या भागात तेच काम डाव्या हातावर येते, तेव्हा खरी परीक्षा होते.

महाराष्ट्रात धड्यालाच रचनेचे रूप देण्याच्या या पद्धतीच्या जवळ जाणारा प्रयत्न पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या लक्षणगीतांत, म्हणजे रागाचे नियम त्याच रागात सांगणाऱ्या बंदिशींत दिसतो. फरक असा की भातखंडे यांचा धडा शब्दांतून उघड बोलतो, तर बुर्गम्युलर यांचा धडा बोटांत उतरेपर्यंत शिकणाऱ्याला त्याचा सहसा सुगावा लागत नाही. ओपस १०५ आणि १०९ मध्ये बुर्गम्युलर यांनी हीच वाट अधिक कठीण टप्प्यांवर नेली.