त्वचेचे पहारेकरी

आमच्या परिचयाच्या एका घरीं इसबानें हैराण झालेल्या नातवाला आजीबाई दिवसांतून दोन वेळां कडक साबणानें घासून न्हाऊं घालीत. हेतु चांगला, पण खाज वाढतच गेली. जंतु तेवढे सारे वैरी, ही समजूत आपल्यांत फार खोल रुजलेली आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो. मृत पेशी ह्या विटा आणि त्यांच्या सांध्यांतील स्निग्ध द्रव्य हा चुना. ह्या बांधकामास त्वचेवर कायम वस्तीस असलेले जंतुही हातभार लावितात. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२१ सालीं दाखविलें कीं, जंतुरहित वाढविलेल्या उंदरांची ही भिंत कच्ची राहते. मनुष्याच्या त्वचेवरील निवडक जंतु त्यांच्या अंगावर सोडले असतां ती सुधारते.

इसबांत पुष्कळदां स्टॅफिलोकॉकस ऑरियस नांवाचा जंतु माजतो. निरोगी त्वचेवरील त्याचेच कांहीं भाऊबंद त्याला मारणारीं द्रव्यें तयार करितात, असें २०१७ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांना आढळलें. इसबाच्या रोग्यांत हे भाऊबंद विरळा. (भाऊबंदकी उपकारक ठरल्याचें आम्हांस ठाऊक असलेलें हें एकच उदाहरण!)

निरोगी त्वचा किंचित् आम्लधर्मी असते. वडीचा साधा साबण अल्कधर्मी. तो ही आम्लता घालवितो आणि चुनाही धुऊन नेतो. म्हणून अशा मुलास कोमट पाण्यानें थोडक्यांत स्नान घालावें व अंग ओलसर असतांनाच बिनवासाचें साधें मलम लावावें. त्वचा पुवाळली तर डॉक्टरांसच दाखवावें. हात मात्र जेवणापूर्वीं व शौचानंतर साबणानेंच धुवावे.

आजीबाईंना हें पटावयास दोन महिने लागले.