ब्राउनिंगची कडी आणि कोकणची खारी हवा

रत्नागिरी जिल्ह्यात ‘बंदूक’ म्हटली की डोळ्यांपुढे येते ती शेतीसंरक्षणाची, लांब नळीची. रानडुकरांनी भात तुडवलं, वानरांनी बाग झोडपली की जिचा बार काढायचा, ती. पिस्तूल मात्र आपण पाहतो ते पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला, तेही खोळीतून डोकावणारी मूठ तेवढी. तरी या जिल्ह्याचं पिस्तुलाशी जुनं नातं आहे. खेड तालुक्यातल्या आयनी गावचे अनंत कान्हेरे यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून अशी वीस पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून धाडली होती. कान्हेरे 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. सावरकर अंदमान भोगून आले आणि 1924 ते 1937 याच रत्नागिरीत स्थानबद्ध राहिले.

ही हकिगत शाळेपासून आपल्या कानावर आहे. ‘ब्राउनिंग’ हा शब्द मात्र आपण नुसता वाचून पुढे जातो. तिथे जरा थांबलं, तर आजच्या नव्याकोऱ्या पिस्तुलाच्या पोटात काय चाललंय ते कळायला लागतं.

जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या यूटा प्रांतातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. त्याला सतावणारा प्रश्न साधा होता. गोळी पुढे जाते तेव्हा हाताला मागे धक्का बसतो. हा धक्का फुकट का घालवायचा? त्याच जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकता येईल, नवं काडतूस आत सरकवता येईल.

पण यात एक धोका आहे. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते आणि वायूचा दाब एकदम चढतो. हा दाब गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे ढकलतो. गोळी नळीतून सुटण्याआधीच मागचं दार उघडलं, तर तो तापलेला वायू झाडणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. म्हणजे दार उघडायला तर हवं, पण क्षणभर उशिरा.

ब्राउनिंगनं यावर जी तोड काढली ती पाहून आजही थक्क व्हायला होतं. त्यानं नळी आणि तिच्यावरचं सरकतं झाकण, म्हणजे स्लाइड, एकमेकांत कडीसारखी अडकवून टाकली. धक्का बसला की दोघं जोडीनं काही मिलिमीटर मागे येतात. तेवढ्यात गोळी निघून जाते, दाब उतरतो. मग नळीचं मागचं टोक किंचित खाली झुकतं आणि कडी सुटते. स्लाइड एकटीच मागे जाते, पुंगळी उडवते, स्प्रिंगच्या जोरावर परत येते आणि येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस पुढे ढकलते. नळी पुन्हा वर उचलली जाते, कडी लागते. आपली पापणी लवेपर्यंत हे सगळं आटोपलेलं असतं. यात ना बॅटरी, ना मोटर. दार उघडायचं काम धक्काच करतो आणि ते केव्हा उघडायचं हेही तोच ठरवतो.

ब्राउनिंग 1926 साली बेल्जियममधल्या एफएन कारखान्यात काम करता करता वारला. हाती घेतलेलं पिस्तूल दिएदोने सेव्ह या त्याच्या सहकाऱ्यानं पुरं केलं, ते 1935 मध्ये ‘हाय-पॉवर’ नावानं आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कंपनीनं ते बनवलं आणि त्याच नमुन्यावरून पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं आपलं ‘पिस्तूल ऑटो 9 मिमी 1ए’ काढलं. लष्कर आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेलं हे पिस्तूल म्हणजे ब्राउनिंगचं नातवंडच. मॅगझिनमध्ये 13 काडतुसं, अंग सगळं पोलादी, वजन नऊशे ग्रॅमच्या घरात.

आता त्याच्याशेजारी ऑस्ट्रियाचं ग्लॉक 17 ठेवून बघा. गास्टन ग्लॉक या माणसानं आयुष्यात कधी पिस्तूल बनवलं नव्हतं. त्याचं हे पहिलंच पिस्तूल 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं पसंत केलं. सांगाडा प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा, मॅगझिनमध्ये 17 काडतुसं, रिकाम्या पिस्तुलाचं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चार काडतुसं जास्त आणि वजन पाव किलोहून अधिक कमी. बारा तास कंबरपट्टा बांधून बंदोबस्ताला उभं राहणाऱ्याला पाव किलोचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एवढं बदललं, पण स्लाइड काढून पाहिलीत तर आत नळी झुकते आणि कडी सुटते. ती ब्राउनिंगचीच.

मग जुन्या-नव्यात खरा फरक कुठे आहे? चापात. हाय-पॉवरच्या जातीत मागे एक घोडा असतो. तो आधी चढवायचा, वर सेफ्टीचा खटका लावायचा आणि वेळ आली की तो खटका आठवणीनं काढायचा. घाबरलेल्या माणसाचं बोट नेमकं हेच विसरतं. ग्लॉकसारख्या पिस्तुलांत बाहेर घोडा नाही आणि वेगळा खटकाही नाही. चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी असते. बोटानं ती नीट दाबली गेली तरच चाप मागे येतो. आत आणखी दोन अडसर असतात, तेही चाप पुरता ओढल्यावरच बाजूला होतात. पिस्तूल हातातून पडलं तरी उडू नये, यासाठी ही सगळी खटपट.

ही बाब किती नाजूक आहे ते 2017 साली दिसलं. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकी लष्करानं सिग सावरच्या पी320 या पिस्तुलाच्या घडणीची निवड केली. ऑगस्टमध्ये त्याच पिस्तुलाच्या नागरी आवृत्तीत, ठरावीक कोनातून पडल्यास बार उडू शकतो असं समोर आलं आणि कंपनीला सुधारणा देऊ करावी लागली. ड्यूटीच्या पिस्तुलाची तुलना करताना ते किती झाडतं हे सगळे विचारतात. नको तेव्हा ते गप्प राहतं का, हा प्रश्न त्याहून मोठा.

दुसरा प्रश्न आपल्या कोकणचा. समुद्राकडच्या घरांत खिडकीच्या गजांचं पावसाळ्यात काय होतं ते आपण पाहतोच. खारी हवा, घाम आणि चार महिन्यांची ओल यांत पोलादाचा निभाव लागणं कठीण. पॉलिमरला गंज चढत नाही आणि नव्या पिस्तुलांच्या पोलादावर रासायनिक प्रक्रियेनं असा कठीण थर चढवतात की गंजाला सहज शिरकाव मिळत नाही. तरी स्प्रिंग, पिन आणि काडतुसं उरतातच. कोयता पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला जे कळतं, तेच इथेही लागू.

आता स्वसंरक्षणाकडे. 9 मिमी हे काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या मापात, मोडतं. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या परवान्यावर सामान्य नागरिकाला जे छोटं शस्त्र मिळू शकतं, ते बहुतेक .32 बोअरचं. फरक केवढा? 9 मिमीची आठ ग्रॅमची गोळी सुटते तेव्हा तिच्यात पाचशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. पन्नास किलोचं तांदळाचं पोतं एक मीटरवरून खाली पडलं तर जेवढी, जवळजवळ तेवढी. .32 च्या पिस्तुलाची ऊर्जा तिच्या निम्म्याहून कमी. पण दाब कमी म्हणून त्या छोट्या पिस्तुलांना सहसा ब्राउनिंगची कडीही लागत नाही. नुसतं स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावर भागतं.

रिव्हॉल्व्हर हवं असेल तर कानपूरचं ‘निर्भीक’ आहे. दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, 2014 मध्ये ते महिलांना डोळ्यांपुढे ठेवून काढलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन 500 ग्रॅम, किंमत तेव्हा 1,22,360 रुपये. 2023 मध्ये आलेल्या ‘प्रबळ’चं वजन 700 ग्रॅम, पण त्याचं काडतुसांचं चक्र बाजूला उघडतं. जुन्या पद्धतीसारखी नळी मोडून खाली वाकवावी लागत नाही. इथे गंमत बघा. हलकं शस्त्र पर्समध्ये बरं, पण झाडताना तेच मनगटाला जास्त झटका देतं, कारण धक्का रिचवायला अंगात वजन लागतं. जे वागवायला सोपं ते झाडायला अवघड.

महाराष्ट्राचाही या शस्त्रनिर्मितीत हात आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. पुण्याच्याच एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर चार महिन्यांत ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल घडवलं आणि 2021 च्या जानेवारीत ते जगापुढे आलं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा त्यात पुढाकार होता. वजन दोन किलोंच्या आत आणि चापाचे भाग चक्क थ्रीडी प्रिंटिंगनं केलेले.

माझा कौल विचाराल तर असा. ड्यूटीसाठी पॉलिमरचं, हलकं आणि बाहेर खटका नसलेलं पिस्तूल जुन्या पोलादी पिस्तुलापेक्षा सरस, पण ते चार पावसाळे आणि हजारो राऊंड सोसून निघालेलं असावं. घरासाठी वजन पाहण्याआधी कुलपाचं कपाट आणि चांदमारीचे तास मोजावेत. आणि नव्याचा फार गवगवा झाला की एवढं आठवावं: .32 चं ते छोटं काडतूस ब्राउनिंगनं 1899 च्या सुमारास बेल्जियमच्या कारखान्यासाठी घडवलं होतं. आपल्या सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल आजही त्याच काडतुसावर चालतं.