मुलांची ऑनलाइन कामवही



वसतिगृहातली मुले संगणकावर काय शिकतात, असे आपल्यापैकी अनेक जण विचारतात. यंदा अकरावी-बारावीची मुले आपापला ऑनलाइन पोर्टफोलिओ तयार करीत आहेत. पोर्टफोलिओ म्हणजे आपण केलेल्या कामांची, शिकलेल्या गोष्टींची आणि पुढच्या उद्दिष्टांची वही. ती कागदाऐवजी संगणकावर असते, एवढेच.

याची गरज मला मुलाखतींच्या तयारीत जाणवली. “तुला काय येते?” असे विचारले की सातपुड्यातली आमची मुले मान खाली घालून “काही नाही” म्हणतात. गुणपत्रिकेत जे नाही ते आपल्याला येतच नाही, असे त्यांना वाटते. पण यांच्यातलीच एक मुलगी आजीला दवाखान्यात नेते, डॉक्टरांचे मराठी आजीला पावरीत समजावते आणि आजीचे दुखणे डॉक्टरांना मराठीत सांगते. हे दुभाष्याचे काम आहे. नर्स होऊ पाहणाऱ्या मुलीसाठी ही मोठी शिदोरी आहे.

आम्ही गूगल साइट्स ही मोफत सोय वापरतो. प्रत्येकाची चार पाने असतात: माझी ओळख, माझी कामे, मी काय शिकलो, माझे पुढचे पाऊल. बांबूची टोपली असो वा विज्ञानाचा प्रकल्प, फोटोखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची: मी काय केले? कुठे अडलो? पुढच्या वेळी काय बदलेन? नेटवर्क नसते तेव्हा आधी वहीत लिहितो. “नर्स व्हायचे आहे” एवढ्यावर उद्दिष्ट थांबत नाही. “दिवाळीपर्यंत जीवशास्त्राचे पाच धडे माझ्या शब्दांत लिहीन” असे मोजता येणारे पाऊल त्यासोबत लिहावे लागते.

सुरक्षिततेची काळजी आम्ही घेतो. पालकांची लेखी संमती असते. परवानगी दिलेल्या व्यक्तींनाच पाने दिसतात. पूर्ण पत्ता, आधार क्रमांक, जातीचा दाखला त्यावर टाकत नाही. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये ठेवतो.

आपल्याकडे एक मागणे आहे. एखाद्या मुलाची पाने वाचून त्याला दोन ओळी लिहाल का? नुसते “छान” नको. कोणते काम आवडले आणि का, ते लिहा. स्वतःचे कौशल्य ओळखायला मुलांना अशाच शब्दांची मदत होते.