फळ्यावर तारीख बदलली, पण पट कालचाच! : वेबसाईटवरील माहिती ताजी का ठेवावी?



माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने वहीत लिहिलं, 'महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत.' मी चूक दाखवली तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच दिलेल्या लिंकवर तसं आहे." घरी येऊन पाहिलं, तर खरंच! पान मीच बनवलेलं, जुन्या पुस्तकावरून उतरवलेलं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर ३६ वा जिल्हा झाला, हे मला माहीत असूनही पान तसंच राहिलं होतं. गुगलवर शोधलं तर ते पान पहिल्या पन्नासातही दिसेना. वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, बरंच झालं!

त्यानंतर मी हा विषय थोडा समजून घेतला. तोच आज आपण पाहणार आहोत.

सर्च इंजिन आपल्या पानापर्यंत कसं येतं?

गुगलचा 'गुगलबॉट' नावाचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचतो. वाचलेल्या पानांची एक मोठी सूची तयार होते, पुस्तकाच्या शेवटी असते ना तशी. आपण काही शोधलं की उत्तर या सूचीतून निवडलं जातं. ज्या पानावर वरचेवर बदल होतात, तिथे बॉट लवकर लवकर येतो. जिथे वर्षानुवर्षे काही हलत नाही, तिथल्या फेऱ्या कमी होतात.

प्रत्येक पान ताजं असायलाच हवं का?

नाही. इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. गुगलने नोव्हेंबर २०११ मध्ये ताज्या माहितीला प्राधान्य देणारा मोठा बदल केला. पण हे प्राधान्य प्रश्नावर अवलंबून असतं. कोणी 'शिष्यवृत्ती परीक्षा वेळापत्रक' शोधलं तर यंदाचंच हवं. मात्र आपल्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, ही माहिती शंभर वर्षांनीही तीच राहणार. असं पान नीट लिहिलेलं असेल तर उगाच हात लावू नका.

नुसती तारीख बदलून चालेल का?

आपण रोज सकाळी फळ्यावर दिनांक, वार, सुविचार आणि पट लिहितो. समजा दिनांक आजचा लिहिला, पण पट कालचाच ठेवला. केंद्रप्रमुख आले आणि त्यांनी मुलं मोजली तर? चूक लगेच उघडी पडेल. वेबसाईटचंही तसंच आहे. मजकूर न बदलता फक्त 'अद्ययावत दिनांक' बदलू नका, असं गुगलच्या मार्गदर्शनातही सुचवलेलं आहे. साईटमॅपमधली बदलाची तारीख सातत्याने खरी असेल, तरच गुगल ती विचारात घेतं.

मग नेमकं काय बदलायचं?

१. बदललेली तथ्ये : शिष्यवृत्ती परीक्षा २०१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होऊ लागली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला घेण्याचा शासन निर्णय आला. जुनं पान वाचून पालक भलत्याच इयत्तेची तयारी करून घेतील!

२. शोधायचे शब्द : २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव, तर २०२४ मध्ये अहिल्यानगर ही नावे अधिकृत झाली. पानावर फक्त जुनं नाव असेल तर नवीन नावाने शोधणाऱ्याला ते सापडणं अवघड जातं. 'अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)' असं लिहा, म्हणजे दोन्ही नावांनी शोधणाऱ्यांची सोय होते.

३. निबंध व भाषणे : मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. तरी 'दर्जा मिळायलाच हवा' असा समारोप असलेलं भाषण मुलं आजही पाठ करतात.

४. पानाचा पत्ता : दरवर्षी नवीन पान करू नका, त्याच पानात दुरुस्ती करा. ग्रुपवर फिरलेल्या जुन्या लिंक चालू राहतात आणि त्या पानाची आतापर्यंतची ओळखही टिकते.

५. बंद पडलेल्या लिंक : प्रत्येक लिंक स्वतः दाबून पाहा. उघडत नसेल तर काढा किंवा बदला.

गुगलचं 'सर्च कन्सोल' मोफत आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्या पानावर येतात, ते त्यात दिसतं. एखाद्या पानावर येणारे लोक कमी होत चालले असतील, तर आधी तेच पान तपासा. आणि साईट ताजी दिसावी म्हणून जुनी चांगली पानं पुसून टाकू नका. त्याने काही फायदा होत नाही.

मी आता वर्षातून दोनदा पानं तपासते : जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या सुट्टीत. एका वेळी चार-पाच पानं झाली तरी पुरे. मोठी वेबसाईट नको, बरोबर माहिती हवी.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, "चूक तुझी नव्हती, माझी होती." मग पान उघडून ३५ चे ३६ त्यालाच करायला दिले. ताजेपणाने पान गुगलवर वर येईल की नाही, ते पुढचं पुढे. पण आपल्या भरवशावर लिहिणाऱ्या मुलाचं उत्तर तरी चुकायला नको.

तुमचं सर्वांत जुनं पान आजच एकदा उघडून बघा.