मोटारीचे खोटे झरोके

सन २०१९ मध्यें विक्रीस आलेल्या टोयोटा सुप्रा मोटारीच्या अंगावर अनेक झरोके दिसतात. परंतु त्यांतील पुष्कळ केवळ शोभेचे, प्लॅस्टिकनें बुजविलेले आहेत. पुढील बंपरचा असा झरोका नुसता कापून मोकळा केल्यानें उपयोगी होत नाहीं. समोरची खिडकी बंद असल्यास खोलींत वारा खेळत नाहीं, तसेंच येथें घडतें. वाऱ्यास बाहेर पडण्याची वाट नसेल, तर तो तोंडाशींच अडतो. म्हणून झरोक्यामागें नळी जोडून ती ब्रेकच्या तबकडीच्या मध्यभागाकडे न्यावी; म्हणजे घर्षणानें तापलेली तबकडी लवकर निवते. ब्रेक अति तापल्यास त्यांची पकड ढिली पडते. तोंडाशीं खडे अडविणारी जाळी असावी. नळी वळत्या चाकास घासूं नये. आणि आघात झेलणारी तुळई व रडार यांस तर मुळींच धक्का लावूं नये.