मालवणच्या समुद्रातील प्रवाळ पाहायला जाताना

गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी जाणारी आपल्या भंडारा जिल्ह्यातील कुटुंबे परतीच्या वाटेवर अनेकदा मालवणला एक मुक्काम करतात. पणजीपासून मालवण वाहनाने दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. सिंधुदुर्ग किल्ला पाहावा, तारकर्लीच्या वाळूत मुलांना खेळू द्यावे आणि जमल्यास समुद्राच्या तळाशी जाऊन रंगीत मासे पाहावेत, असा साधारण बेत असतो. धर्मग्रामातील युवकांनी मोबाइलवर पाण्याखालच्या चित्रफिती पाहिलेल्या असतात. त्यामुळे या शेवटच्या गोष्टीचा आग्रह त्यांच्याकडूनच अधिक होतो. आमच्या गटाचेही असेच झाले. मात्र ज्या पाण्यात आपण उतरत आहोत ते कायद्याने संरक्षित अभयारण्य आहे, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते, ही कबुली आरंभीच देणे बरे.

अभयारण्य हा शब्द भंडाऱ्याच्या माणसाला नवा नाही. कोका आणि नागझिरा ही अरण्ये आपल्या अंगणात आहेत. तेथे प्रवेशद्वार असते, शुल्काची पावती असते, सोबत मार्गदर्शक असतो, वाहनातून खाली उतरण्यास मनाई असते आणि पावसाळ्यात फाटक बंद होते. नागझिऱ्यात गेलेला मनुष्य झाडाची फांदी मोडून घरी आणण्याचा विचारही करीत नाही. मालवणच्या समुद्राला असे फाटक नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा आहे. हा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातच येतो. म्हणजे किल्ला पाहण्यासाठी बंदरावरून होडीत बसणारा प्रत्येक यात्रेकरू अभयारण्याच्या अंतर्भागात प्रवेश करतो. फक्त त्याला तसे जाणवत नाही.

येथे कशाचे रक्षण करायचे आहे, हे समजण्यासाठी प्रवाळ म्हणजे काय ते पाहावे लागेल. सराफाच्या दुकानात मिळणारे लाल पोवळे आणि युरोपात ज्याचे मणी करून जपमाळा ओवल्या जात तो प्रवाळ मुख्यतः भूमध्य समुद्रातला, निराळ्या जातीचा. मालवणचे प्रवाळ दागिन्याच्या उपयोगाचे नाहीत. पाण्यात ते दगडासारखे दिसतात, आणि सगळा घोटाळा येथेच होतो. प्रत्यक्षात तो दगड म्हणजे एक वसाहत असते. जेलीफिशच्या कुळातील अतिशय लहान, मऊ शरीराचे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्या तळाशी घर बांधतात. जुना जीव मरतो, त्याच्या घरावर नवा बांधतो. पोराइटिस नावाच्या गोलसर प्रवाळाची वाढ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर इतकीच होते. हातभर उंचीचा गोटा दिसला तर तो आपल्या जन्मापूर्वीपासून तेथे उभा आहे, असे समजायला हरकत नाही.

या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. प्रवाळ त्याला आसरा देतो आणि शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या पाहुण्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंशभर जरी अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तरी हे सख्य मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर सावरतो, नाही तर मरतो. १९९८ साली जगभरच्या समुद्रांत हे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसले. त्यानंतर २०१० मध्ये आणि पुन्हा २०१४ ते २०१७ या काळात त्याची आवृत्ती झाली. जगातील अशी चौथी घटना चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले.

मालवणला प्रवाळ आहेत ही शास्त्रीय नोंद तशी फार जुनी नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. एस. झेड. कासिम आणि त्यांचे सहकारी डॉ. वाफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले. त्यात मालवण होते. (हेच कासिम पुढे १९८१ मध्ये भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते झाले.) येथे वाचकांची एक अपेक्षा मोडणे आम्हास आवश्यक वाटते. लक्षद्वीप किंवा अंदमान येथे प्रवाळांनी स्वतः बांधलेली विस्तीर्ण बेटे आणि भिंती आहेत. मालवणला तसे काही नाही. येथे खडकावर ठिकठिकाणी प्रवाळांच्या वसाहती आहेत. कोठे गोलसर पोराइटिस, कोठे पत्रावळीसारखा पसरलेला टर्बिनेरिया. नद्या आणि खाड्यांचा गाळ येत असल्यामुळे पाणीही अनेकदा गढूळ असते. चित्रफितीतले निळेशार दृश्य डोळ्यांपुढे ठेवून गेलेला मनुष्य निराश होतो आणि ‘येथे तर नुसते दगड आहेत’ असे म्हणून त्या दगडांवर पाय देतो.

आमच्यातीलच एका युवकाने नेमके हेच केले. तोंडाला मुखवटा व श्वासनळी लावून आम्ही किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात तरंगत होतो. होडीवाल्याने पावाचे तुकडे पाण्यात टाकताच काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे भोवती गोळा झाले आणि सगळे आनंदाने ओरडू लागले. नाकात पाणी गेल्यामुळे तो युवक घाबरला व खालच्या गोट्यावर उभा राहून दम घेऊ लागला. आमच्यासोबतचा वाटाड्या, विशी-बाविशीचा कोळ्याचा मुलगा, जवळजवळ किंचाळलाच. त्याने त्या युवकाला दंडाला धरून ओढले आणि होडीच्या दोरीला धरायला लावले. गोट्याच्या माथ्यावर तळव्याएवढ्या जागेत खरवडल्याची फिकट खूण उमटली होती. काठावर आल्यावर आम्ही विचारले, ‘पाव टाकलेला चालतो, मग उभे राहिलेले का चालत नाही?’ तो ओशाळला. पाव टाकणेही बरे नाही हे त्याला माहीत होते. पण मासे जवळ आले नाहीत तर गिऱ्हाईक पैसे वाया गेले म्हणते, असे तो म्हणाला. त्यावर आम्हाला काही बोलता आले नाही, कारण मघाशी टाळ्या वाजविणारे आम्हीच होतो.

माणसांच्या हाताने टाकलेल्या पावावर जगू लागलेले मासे खडकावरचे शेवाळ खाणे कमी करतात आणि ते शेवाळ वाढून प्रवाळांना झाकून टाकू लागते. एकट्या पायाच्या ठशाने अभयारण्य बुडत नाही हे खरे. परंतु हंगामात तेथे उतरणाऱ्यांची गर्दी पाहिली की ठशांचा हिशेब निराळा होतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात मालवण अभयारण्यात पाण्याखालच्या पर्यटनामुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेची नोंद केली आहे. तापलेल्या समुद्रापुढे भंडाऱ्याहून गेलेला प्रवासी काय करणार, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच, की आधीच उष्णतेने थकलेल्या जिवावर उभे न राहणे त्याला नक्की करता येते.

या प्रवाळांचा आपल्याशी काय संबंध, हा प्रश्नही आमच्या मंडळीत निघाला. त्याचे उत्तर आपल्या तलावांत आहे. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव हे भंडाऱ्याचे वैभव. या तलावांत बेशरमीच्या झुडपांनी जागा बळकावली आणि देशी पाणवनस्पती नाहीशा झाल्या, तशी देशी मासळीही आटली, कारण अंडी घालायला आणि पिलांना लपायला आसराच उरला नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना सोबत घेऊन बेशरम उपटण्याचे व देशी वनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. तलावात जे काम त्या वनस्पतींचे, तेच समुद्रात प्रवाळांचे. सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळ आहेत. पण समुद्रातील जवळजवळ चौथा हिस्सा जीवजाती आयुष्याचा काही काळ त्यांच्या आश्रयाने काढतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रवाळांची तुलना भूमीवरील महान अरण्यांशी केली आहे, ती उगीच नव्हे.

असे असूनही मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला आरंभापासून विरोध केला आहे आणि तो समजून घेतल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जेथे रापण ओढली तेथे एके दिवशी सरकारी रेषा आखली गेली. उद्या जाळे टाकण्यासही बंदी होईल ही त्यांची धास्ती. अरण्याच्या कडेला राहणाऱ्या आपल्या गावांना ही धास्ती सांगावी लागत नाही. पारंपरिक मच्छीमारांचा रोष खरा आहे तो मोठ्या यांत्रिक नौकांवर, ज्या एका फेरीत समुद्र उपसून नेतात. शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले ते याच तक्रारींच्या पार्श्वभूमीवर. मासळी घटल्यावर अनेक कोळी कुटुंबांनी आपल्या होड्या पर्यटकांसाठी वळविल्या. म्हणून प्रवाळ वाचवायचे तर मालवणला जाऊच नये, या मताचे आम्ही नाही. जिवंत प्रवाळ दाखवून ज्याचे घर चालते, त्यालाच ते जिवंत राहण्याची गरज सर्वांत अधिक कळते. फक्त त्याचे गिऱ्हाईक शहाणे हवे.

ज्यांचा बेत ठरतो आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी नमूद करतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ मिळते. पोहता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि जीवरक्षक जाकीट होडीत पाय ठेवण्यापूर्वी अंगात असावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. उन्हासाठी मलम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा बरा, कारण काही मलमांतील ऑक्सिबेन्झोन हे द्रव्य प्रवाळांना घातक ठरते; हवाई बेटांत अशा मलमांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे. तेव्हा वाळूत सापडलेला पांढरा तुकडाही पिशवीत घालू नये, आणि कोणी विकत देऊ लागला तर घेऊ नये.

पैसे ठरविताना होडीवाल्याला दोन प्रश्न आधीच विचारावेत: नांगर कोठे टाकता, आणि पाव टाकता काय? नांगर प्रवाळावर न टाकता वाळूत टाकणारा किंवा बोयाला होडी बांधणारा पाहावा. दुसऱ्या प्रश्नाला ‘टाकतो’ असे उत्तर आले, तर आम्हाला नको, मासे दुरून दिसले तरी चालतील, असे सांगावे. आमच्या गटाने दुसऱ्या दिवशी असेच सांगितले. त्या दिवशी मासे खरोखरच कमी दिसले. पण एका खडकाच्या कपारीत दहा-पंधरा इवली पिले पत्रावळीच्या आकाराच्या प्रवाळाखाली शिरताना आणि बाहेर येताना दिसली, आणि आदल्या दिवशी गोट्यावर उभा राहिलेला तो युवक दोरी धरून बराच वेळ तेथेच तरंगत राहिला.