परागीभवन : प्रत्येक पिकाचा परागवाहक वेगळा

कुंभकोणमच्या पूर्वेस काही किलोमीटरवर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तिरुनागेश्वरम् हे गाव वसले आहे. नवग्रह यात्रेतील राहुस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. येथील नागनाथस्वामी मंदिराचा स्थलवृक्ष सोनचाफा असून जवळच्या ओप्पिलियप्पन मंदिराच्या परिसराला तुळशीवन असे परंपरागत नाव आहे. या प्रदेशात भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि नारळाची झाडे सर्वत्र दिसतात. चाफा, तुळस, भात, केळी व नारळ या पाचही वनस्पती एकाच मातीत व हवामानात वाढतात. मात्र त्यांच्या परागीभवनाची व्यवस्था परस्परांहून भिन्न आहे. हा फरक महाराष्ट्रातील बागायतदारासाठीही तितकाच महत्त्वाचा आहे.

परागीभवन म्हणजे काय?

पुंकेसरातील परागकण स्त्रीकेसराच्या कुक्षीवर पोहोचणे म्हणजे परागीभवन होय. त्यानंतर परागनलिका बीजांडापर्यंत जाते, फलन होते आणि बी व फळ आकार घेऊ लागते. वनस्पतीला जागचे हलता येत नसल्याने परागकण वाहून नेण्याचे काम वारा, पाणी, कीटक, पक्षी किंवा वटवाघळे करतात. काही वनस्पतींत ते फुलातल्या फुलातच पार पडते.

पाच वनस्पती, पाच व्यवस्था

भाताचे फूल दुपारपूर्वी थोडा वेळच उमलते. त्याच सुमारास परागकोश फुटतात व पराग बहुधा त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. त्यामुळे भाताला कीटकांची गरज नसते; परंतु फुलोऱ्यात तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास दाणे पोचट राहण्याचे प्रमाण वाढते.

लागवडीखालील केळीत परागीभवनाशिवायच फळ वाढते. यास अनिषेकफलन म्हणतात. म्हणूनच खाण्याच्या केळ्यात बी नसते. रानकेळीला मात्र वटवाघळे व पक्षी यांची मदत लागते आणि तिची फळे बियांनी भरलेली असतात.

नारळाच्या एकाच फुलोऱ्यात नर व मादी फुले असतात. उंच जातींत नर फुलांचा काळ सामान्यतः आधी संपतो. त्यामुळे पराग बहुतांशी दुसऱ्या झाडावरून, वारा व मधमाश्यांमार्फत यावे लागतात.

तुळशीची मंजिरी मधमाश्यांचे आवडते खाद्य आहे. मकरंदाच्या ओढीने आलेली माशी अंगाला चिकटलेले पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेते.

सोनचाफा अतिप्राचीन वनस्पतिकुळातील आहे. त्याच्या फुलात कुक्षी आधी परिपक्व होते व पराग नंतर मोकळे होतात. गंधाने आकर्षित झालेले छोटे भुंगेरे पाकळ्यांत वावरतात व पराग वाहून नेतात.

सीताफळाशी नाते

बीड जिल्ह्यातील बालाघाट डोंगररांगांतील सीताफळ हे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या चाफ्याचे दूरचे आप्त होय. त्याच्याही फुलात स्त्री अवस्था आधी व पुरुष अवस्था नंतर येते. जाड पाकळ्या पुरेशा उघडत नसल्याने मधमाशीचा फारसा उपयोग होत नाही. परागीभवन सूक्ष्म भुंगेऱ्यांवर अवलंबून असते. कोरड्या उन्हाळ्यात कुक्षी लवकर सुकते, म्हणून भरपूर फुले येऊनही ती गळतात. पावसाळी आर्द्रतेत फळधारणा सुधारते. सीताफळ अनेक स्त्रीकेसरांपासून बनत असल्याने, काहींचे फलन न झाल्यास फळ वेडेवाकडे वाढते. अशा वेळी केवळ खताची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. पुरुष अवस्थेतील फुलांचे पराग गोळा करून मऊ कुंचल्याने स्त्री अवस्थेतील फुलांच्या कुक्षीवर लावल्यास फळांची संख्या व आकार दोन्ही सुधारतात.

कांदा बीजोत्पादनात परिस्थिती निराळी आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळे होतात व कुक्षी नंतर परिपक्व होते. त्यामुळे मधमाश्यांचा वावर नसल्यास गोंडे फुलूनही बी कमी भरते. भोपळा, काकडी व कारली यांत नर व मादी फुले वेगवेगळी असतात. तेथेही कीटकांवाचून फळ धरत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?

जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांचे उत्पादन कमी-अधिक प्रमाणात प्राणी-परागवाहकांवर अवलंबून असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणून आपल्या पिकाचा परागवाहक कोणता, हे प्रथम जाणून घ्यावे. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकांची फवारणी शक्यतो टाळावी; अनिवार्य असल्यास मधमाश्या पोळ्यात परतल्यावर, सायंकाळी उशिरा करावी. बांधावर तुळस, तीळ, सूर्यफूल किंवा कोथिंबीर फुलू द्यावी. बीजोत्पादनाच्या क्षेत्रात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात. सीताफळाच्या बागेत पालापाचोळ्याचे आच्छादन राखावे, म्हणजे ओलावा टिकतो व भुंगेऱ्यांना आसरा मिळतो. फुले भरपूर आणि फळे तुरळक असे दिसल्यास खत-पाण्याबरोबरच परागवाहकांचीही पाहणी करावी. फुलोऱ्यात सकाळी काही वेळ बागेत थांबून फुलांवर कोणते कीटक येतात याची नोंद ठेवणे, ही त्याची सोपी व बिनखर्चाची सुरुवात आहे.